मनालीचा धवला

३ ऑगस्ट

समीरचा फोन आला तेव्हा मी उल्हासनगरला, कॅम्प पाचच्या क्लासात, एका पोराला कीबोर्डवर डावा हात शिकवत होते. "मनाली, आधी खाली बस," म्हणाला. जानेवारीत मुंबईच्या एका महोत्सवात त्याच्या तंतुवाद्यांच्या चौकडीला वीस मिनिटं मिळालीत आणि ती वीस मिनिटं माझी. दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो. नवीकोरी रचना, खरं सभागृह, पत्रिकेत माझं नाव. खालच्या मजल्यावर जीन्सवाल्यांच्या शिलाई मशीन धडधडत होत्या, पोरगा सगळं चुकीचं वाजवत होता आणि मी त्याला "वा, बहोत अच्छे" म्हणत होते. त्याची आई इतकी खूश झाली की मलाच प्रश्न पडला, एरवी किती खडूसपणे वागते मी.

लंडनहून कंपोझिशन शिकून आले त्याला अकरा वर्षं झाली. एवढ्या काळात माझं संगीत लोकांपुढे तीनदा वाजलं. ऐकून लोक म्हणतात, "वेगळं आहे हं." वेगळं म्हणजे आवडलं नाही, पण तुझ्या तोंडाकडे बघून सांगवत नाही. बाकी वर्षभर जाहिराती, मालिकांमधली रडकी व्हायोलिनं आणि क्लास. एकोणचाळीस संपत आलं. यावेळीही "वेगळं आहे हं" झालं तर दुकान बंद. हे मागच्या खेपेलाही लिहिलं होतं, माहितीय.

घरी येऊन आईला सांगितलं. ती मशेरी भाजत होती. बसलेल्या आवाजात म्हणाली, "बरा झाला. पन या खेपेला तरी शब्द हायेत का नाय त्याला?"

१२ ऑगस्ट

कागद कोरा. तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या खोलीतून पूर्वी नदी दिसायची, आता समोरच्या टॉवरमधल्या बायका कपडे वाळत घालताना दिसतात. आमच्या शेतावर कमलेशदादाने ही बिल्डिंग बांधली. खाली तो, जिज्ञासावहिनी आणि आई. बदलापूर आमच्या गावाकडे चालत आलं आणि गाव मधेच अडकलं.

आईचा आवाज उन्हाळ्यापासून बसलाय. सगळ्यांना वाटलं, लग्नसराईत गाऊन गाऊन झालं असेल. आई धवलारीण आहे. आमच्या आगरी लग्नात हळदीचा चौक भरण्यापासून नवरीच्या पाठवणीपर्यंत सगळं धवलारणीच्या गाण्यावर चालतं. ती गाते ते धवले. देवांना आमंत्रण तीच देणार, नवरीला पाटावर तीच बसवणार, दोन्ही घरांची नावं तीच गुंफणार. कौसाबाई आल्याशिवाय हळदीला हात लावायचा नाही, हा आमच्या पंचक्रोशीतला कायदा. भटजीसुद्धा तिला वचकून असतात.

दादा आज तिला कल्याणला तपासायला घेऊन गेला. घशात नळी घालून बघितलं म्हणे. आई घरी येऊन डॉक्टरच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती, घोगऱ्या आवाजात. मला हसू आलं.

१९ ऑगस्ट

हसू आलं असं लिहिलंय मी वरती.

कॅन्सर आहे. स्वरयंत्रच काढावं लागेल. गळ्याला भोक राहील, श्वास तिथूनच. बोलणं बंद. गाणं तर बंदच. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, "सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात करून टाकू. दिवाळीपर्यंत थांबलात तर मग माझ्याकडे येऊ नका."

आईने शांतपणे ऐकून घेतलं. मग पदर सावरला आणि म्हणाली, "माज्या मनालीचा लगीन होऊ दे. तिचा धवला मी गाईन. मंग घसा काय, मुंडी काढा."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी जमिनीकडे. दादा म्हणाला, "आई, चातुर्मास चाललाय. तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नाही. आणि हिचं ठरलंय कुठे?"

"मंग थांबू," आई म्हणाली. झालं. आईचं नाही म्हणजे नाही.

घरी आल्यावर वहिनी मोरीत जाऊन रडली. मी वर आले आणि पेन्सिलींना टोकं काढत बसले.

२२ ऑगस्ट

समीर आज पहिल्यांदाच घरी आला. एकटाच, बायको नीलिमा घरी राहिली, मुलीला ताप होता. निळा कुर्ता घातला होता, त्याला शोभतो तो. आईने तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी वाढली, तीन भाकऱ्या खाल्ल्या त्याने. ब्राह्मणाचं पोर जवळा खातंय म्हणून आई कौतुकाने बघत बसली.

आईच्या गाण्याबद्दल मी त्याला कधीतरी बोलले होते. म्हणाला, "तुझ्या घरात एवढं मोठं आहे आणि तू कोऱ्या कागदाकडे बघत बसलीयस? तुझ्या आईचा आवाज टेप कर. आम्ही चौघं त्याच्याभोवती वाजवू. मनाली, हे फक्त तुलाच जमेल." हात माझ्या खांद्यावर ठेवून म्हणाला. बरोबरच आहे त्याचं. संगीताच्या दृष्टीने म्हणतेय.

तो गेल्यावर आईला विचारलं. भडकलीच ती. "लगीन नाय, मांडव नाय, आन् धवला गाऊ? मशीनला कं हलद लागलीय?" आयुष्यात एकदाही ती लग्नाविना धवला गायलेली नाही. टीव्हीवाले आले होते, त्यांनाही चहा पाजून घालवलं होतं. घरात भांडी घासताना बाकी सगळं गुणगुणेल, धवला नाही. नवरानवरीशिवाय धवला म्हणजे तिच्या लेखी अभद्र.

मला रागच आला. सप्टेंबरनंतर तो आवाज जगात नसणार. कुणासाठी जपून ठेवतेय ती?

२५ ऑगस्ट

केलं.

गणपतीच्या मखराला झिरमिळ्या लावत होतो, ती आणि मी. मी म्हटलं, "आई, माझं ठरलंय."

तिच्या हातातली कात्री तशीच राहिली. "कुनाशी?"

"समीर. तो आला होता ना परवा."

समीरचंच नाव का घेतलं? तो नुकताच येऊन गेला होता, चेहरा माहीत होता, जास्त समजवावं लागलं नसतं. म्हणून.

पुढचं सगळं भराभर सांगितलं, जसं मनात आधीच लिहून ठेवलं होतं. तुळशीच्या लग्नानंतर करायचं. पण डॉक्टर तोपर्यंत थांबणार नाहीत. तेव्हा धवला तू आत्ताच गा, मी टेप करते, मांडवात तोच लावू. मशीनला नाही गायचंस, माझ्या लग्नाला गायचंस. फक्त थोडं आधी. आणि मग ऑपरेशन.

आईने कात्री खाली ठेवली. मग तिने माझ्या गालावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. कडाकडा मोडली सगळी. "मना वाटलेला," म्हणाली. "त्याला वाढताना तुजा तोंड बघितला मी."

काय बघितलं कोण जाणे. आयांना काहीही दिसतं.

२८ ऑगस्ट

दादा पेढे घेऊन वर आला तेव्हा त्याला खरं सांगावं लागलं. पेढ्यांचा बॉक्स त्याने कीबोर्डवर ठेवला, चार सूर एकदम दबले. "पागल झालीस का? आईशी खोटं लगीन?"

"ऑपरेशनला तयार झाली ना ती? तुम्ही सगळ्यांनी हात टेकले होते."

त्याने बॉक्सची दोरी सोडली. "ती बरी होऊन घरी आली की पहिलं हे सांगून टाक," म्हणाला. मी हो म्हटलं. पेढे आम्ही दोघांनी मिळून संपवले.

मी हे आईच्या जिवासाठी केलं. रचनेला फायदा झाला तर तो वेगळा. एका दगडात दोन पक्षी म्हणतात, त्यात दुसरा पक्षी काय पाप करतो?

४ सप्टेंबर

गौरी गेल्या, पितृपंधरवडा लागायचाय. आईने आजचाच दिवस धरला.

मला वाटलं होतं, खुर्चीत बसेल, माइक समोर ठेवेन, तासाभरात आटपेल. सकाळी खाली गेले तर आई न्हाऊन, हिरवं लुगडं नेसून, केसात अबोली माळून तयार. तांदळाच्या पिठाचा चौक भरून झालेला. मध्ये पाट. "बस," म्हणाली. मी जीन्समध्ये. वहिनीने तिची पिवळी साडी कशीबशी मला गुंडाळली. "समीरच्या बापसाचा नाव कं?" आईने विचारलं. शशिकांत, मी सांगितलं. आजोबांचं नाव मला माहीत नव्हतं, तर रागावली. "सासऱ्याच्या बापाचा नाव ठाव नाय, कसली नवरी तू?"

आणि गायली.

घसा खरवडत होता. मधे मधे आवाज फाटायचा, ती थांबायची, पाणी प्यायची, परत तिथूनच धरायची. वहिनी मागून साथ देत होती. आईचा सूर पियानोच्या दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी लागतो, आणि तिथेच, त्या चिंचोळ्या जागेत, ठाण मांडून बसतो. देवांना बोलावलं, नदीला बोलावलं, बिल्डिंगखाली गेलेल्या आमच्या शेतालाही बोलावलं. मग माझं नाव आलं. कौसाची लेक मनाली, शशिकांतचा लेक समीर. गाता गाता तिने माझ्या पायांना, गुडघ्यांना, खांद्यांना, कपाळाला हळद लावली. तिचे हात गरम होते.

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. हळद झोंबली असेल.

पाठवणीला ती स्वतःच रडली. गाणं मात्र सोडलं नाही. संपल्यावर म्हणाली, "आता चल कुठं जायचा तिथं." मी विचारलं, दुखतंय का. मान हलवली. दिवसभर आवाजच निघाला नाही मग तिचा.

टेप उत्तम आलीय. पाठवणीत मागे एक मोटरसायकल आहे, काढता येईल.

११ सप्टेंबर

ऑपरेशन झालं. सकाळी आत नेताना आई वहिनीला सांगत होती, बिरड्याला वाल भिजत घाल. मला म्हणाली, "समीरला जास्त तिखट झेपत नाय, ध्यानात ठेव." हेच शेवटचं. माझ्या आईच्या आवाजातलं शेवटचं वाक्य समीरच्या तिखटाबद्दल आहे.

२ ऑक्टोबर

आई घरी आली. गळ्याला भोक, त्यावर जाळीचा रुमाल. श्वास घेते तेव्हा शिट्टीसारखा बारीक आवाज येतो. नुसते ओठ हलवते. वहिनीला ते भराभर वाचता येतात, मला नाही. हॉस्पिटलने गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र दिलंय, त्यातून रोबोसारखा आवाज निघतो. आईने एकदा लावलं, स्वतःच दचकली, आणि कपाटात टाकून दिलं.

मला सांगायचं होतं आज. तिने मला खुणेने विचारलं, दोन्ही हातांनी मुंडावळ्या बांधल्याची खूण करून, कधी? ती इतकी वाळलीय. आज सांगितलं असतं तर राक्षसीण ठरले असते. थोडी सावरू दे.

१८ ऑक्टोबर

काम पाण्यासारखं वाहतंय. आयुष्यात असं झालं नव्हतं. व्हिओला आईच्या सुराच्या किंचित खाली धरून राहतो, चेलो वाट बघतो, दोन्ही व्हायोलिनं तिच्या फाटलेल्या आवाजाच्या कडा उचलून घेतात. समीरला पहिली पानं दाखवली. वाचून नुसता माझा हात धरून बसला. नीलिमाने चहा आणला तेव्हा सोडला.

नावांची ओळ कापली. सभागृहात "शशिकांतचा लेक समीर" वाजलं असतं तर तमाशाच. समीरने ती ऐकलेली नाही, मी आधीच काढली. माझं नावही त्याच ओळीत होतं, तेही गेलं. तिथे आता एकटा चेलो आहे. खरं तर चांगलं झालं, तिथे श्वास घ्यायला जागा हवीच होती.

८ नोव्हेंबर

तुळशीची लग्नं झाली. आई स्वस्थ बसेना. बाजारातून हळकुंडं आणवली, स्वतः निवडून वाळवली, दळून आणली, दोन बरण्या भरून देवाजवळ ठेवल्या. दादा माझ्याकडे डोळे वटारून बघतो. "सांग आता." सांगणारच होते. आई माझा हात धरून समोर बसली, कॅलेंडरवर मार्गशीर्षाचं पान काढलं, एका तारखेवर बोट ठेवलं. तिच्या तोंडाकडे बघून माझी जीभच वळेना.

म्हटलं, "समीरचे काका वारले. घरातलेच, एकत्र राहायचे. वर्षभर काही शुभकार्य करायचं नाही म्हणतात."

बरं सुचलं. सुतकापुढे कुणाचं काही चालत नाही. आईने लगेच पान खाली सोडलं, हात जोडले. डोळे पुसले तिने, त्या न मेलेल्या काकांसाठी.

वर्षभराचा वेळ मिळाला. वर्षात बरंच काही होतं.

१३ नोव्हेंबर

आई समीरच्या घरी जाऊन आली.

मला हे कसं सुचलं नाही? ज्या घरी लेक द्यायची तिथे माणूस गेलंय, आणि विहिणीने भेटायला जायचं नाही? आमच्यात असं कधी झालंय का? आई तर मयताच्या घरी पहिली पोचणारी. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून भाकऱ्या आणि वालाचं बिरडं डब्यात भरून घेऊन जाणारी.

वहिनी माहेरी, दादा साइटवर, मी क्लासात. आईने रिक्षा केली आणि अंबरनाथला, समीरच्या घरी गेली. पत्ता माझ्या टेबलावरच्या पाकिटावर होता, तेच रिक्षावाल्याला दाखवलं असणार. समीरचा दुपारी फोन. "अगं, तुझी आई आली होती. मी घरी नव्हतो. नीलिमा म्हणाली, पांढरी साडी नेसून आल्या, दारात तिला जवळ घेऊन रडायलाच लागल्या. हिला काही कळेना. हिने बसवलं, चहा दिला, म्हटलं, मी समीरची बायको, तुम्ही मनालीच्या आई ना? मग राजसी शाळेतून आली, तिला 'बाबांच्या मैत्रिणीची आई' म्हणून पाया पडायला लावलं. आईंनी तिला मांडीवर घेतलं, खूप वेळ. डबा ठेवून गेल्या. मनाली, त्या ठीक आहेत ना? कशासाठी आल्या होत्या?"

मी म्हटलं, ऑपरेशनपासून थोडा गोंधळ होतो तिचा. त्याला पटलं. "बिरडं मस्त होतं," म्हणाला.

घरी आले तर आई ओट्याशी कांदा चिरत होती. माझ्याकडे बघितलं, पाण्याचा ग्लास पुढे केला. रोजच्यासारखंच. चेहऱ्यावर काही नाही.

तिला कळलं नसावं. रडण्याच्या भरात नीट ऐकलं नसेल, नीलिमाला ती समीरची वहिनी समजली असेल. नाहीतर एवढी शांत राहिली असती का? माझी आई? भटजींना झापणारी? तिने कपाटातलं ते यंत्र काढून मला चार शब्द सुनावले असते, नाहीतर लाटणं तरी फेकलं असतं. नाही. कळलेलं नाही.

१६ नोव्हेंबर

आईने देवाजवळच्या दोन्ही बरण्या उचलल्या आणि लग्नाची हळद मसाल्याच्या डब्यात ओतली. उरलेली वहिनीला दिली, लोणच्याला. बरं झालं, देवाजवळचा पसारा कमी झाला.

लग्नाचं ती आता काही विचारत नाही. मलाच चुकल्याचुकल्यासारखं होतं.

१० जानेवारी

काल कार्यक्रम झाला. आईसाठी पहिल्या रांगेत खुर्ची ठेवली होती. दादा गाडी काढून उभा राहिला, ती नाही आली. गळ्यावरच्या रुमालाकडे बोट दाखवलं, म्हणजे खोकला येतो, लोकांना त्रास. खरं लिहायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. नीलिमा आणि ती शेजारी शेजारी बसलेल्या मला बघवल्या नसत्या.

दिवे मंद झाले, चौघांनी गज टेकवले आणि अंधारातून आईचा आवाज आला. सभागृहातला माणूस न् माणूस हलायचा थांबला. मी मागच्या भिंतीला टेकून उभी होते आणि मला हळदीचा वास येत होता, शपथेवर सांगते. आवाज फाटला तिथे कुणीतरी हुंदका दिला. संपल्यावर आधी कुणी टाळीच वाजवेना, आणि मग थांबवेना. एकानेही "वेगळं आहे हं" म्हटलं नाही.

लोक विचारत होते, या बाई कोण? कुठे असतात? मी म्हटलं, माझी आई. आता बोलता येत नाही तिला. त्यावर तर बायका अजूनच रडल्या. समीरने सगळ्यांदेखत मिठी मारली, मग राजसीला उचलून घेतलं आणि तिघं गाडीत बसून गेले.

मी अकरा वर्षं याच दिवसाची वाट बघत होते. घरी येताना गाडीत दादा म्हणाला, "भारी झालं." मग बऱ्याच वेळाने, "आईला खरं सांगायला हवं होतंस." मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. घरी आई जागी होती, जेवलीस का अशी खूण केली. मी हो म्हटलं, ती दिवा बंद करून झोपली. कसं झालं, ते नाही विचारलं.

३ फेब्रुवारी

जर्मनीहून मेल. तिथल्या एका महोत्सवाला रचना हवी आहे, उन्हाळ्यात, आणि रेडिओवरही. टेप पाठवाल का? पाठवली. कागदांवर सह्या करून, स्कॅन करून, सगळं आजच. ठिकठिकाणी वाजवायची परवानगी मागितली होती, तीही दिली. आईला दाखवलं. तिने जर्मनीवर नाही, माझ्या केसांतल्या पांढऱ्यावर हात फिरवला.

११ फेब्रुवारी

आज अल्पेशची हळद. अल्पेश म्हणजे आमच्या चुलतकाकांचा मुलगा. अंगणात मांडव, डीजेवाला, केटरर, सगळं आलं, धवलारीण कुठून आणायची? आईनंतर गावात कुणी उरली नाही. काकाच मला म्हणाले, "मनाली, कौसावैनीचा धवला तुज्याकडं हाय ना, मुंबईत गाजलेला? तोच लाव. तिचाच आवाज, तिच्याच घरच्या हळदीला. यापरता चांगला कं असंल?"

मला भरून आलं. वाटलं, एवढं तरी माझ्या हातून नीट घडेल. तेवढी नावांची ओळ कापून बाकी पूर्ण टेप फोनवर घेतली, स्पीकरला जोडली. अल्पेश पाटावर बसला. पहिली ओळ वाजली. अंगणातल्या बायका एकदम उभ्याच राहिल्या, कौसाबाईचा आवाज ऐकून. ठमाबाई म्हातारी तर तोंडात पदर कोंबून रडायला लागली.

आई घरातून बाहेर आली. कुणाकडे न बघता सरळ स्पीकरपाशी गेली आणि वायर उपटली.

 काका म्हणाले, "कं झाला, वैनी?" आई ओठ हलवायला लागली, गळ्याच्या भोकातून नुसती फुस्सफुस्स हवा. हात सारखा माझ्याकडे. मी वहिनीकडे बघितलं. वहिनी आईच्या ओठांवर डोळे ठेवून हळूहळू सांगत गेली.

"आई बोलतात, हा मनालीचा हाय. तिच्यासाठी गायलेला. दुसऱ्याच्या हलदीला लावाचा नाय." थांबली. आई परत बोलली. वहिनीने माझ्याकडे बघितलं नाही. "बोलतात, मनालीचा लगीन होईल कवातरी, कुनाशी का होईना. त्या दिवशी काढा. तवर ठेवा."

कुनाशी का होईना.

तिला तेव्हाच कळलं होतं, नीलिमाच्या सोफ्यावर, हातात चहाचा कप धरून. घरी येऊन तिने कांदा चिरला, मला पाणी दिलं. तीन महिने माझ्यासमोर जेवायला बसली. आणि मी या वहीत लिहीत होते की तिला काही कळलेलं नाही.

मग आई चौकापाशी बसली. अल्पेशच्या पायाला हळद लावली आणि गायला लागली. आवाज नाही, काही नाही. ओठ, हात, मान, आणि गळ्यातून सुटणारी हवा. ठमाबाईने तिच्या ओठांवरून पहिला शब्द उचलला, भसाड्या आवाजात. मग वहिनीने. मग एकेक करून सगळ्या. चुकत होत्या, आई हाताने थांबवून परत म्हणायला लावत होती.

मी मांडवाच्या बांबूला धरून उभी होते. त्या धवल्याचा सूर न् सूर मी कागदावर उतरवलाय, माझ्याइतका कुणाला पाठ नसेल. पण त्या बायकांत जाऊन बसायची माझी हिंमत झाली नाही, आणि आईनेही बोलावलं नाही. मला ओरडून रडावंसं वाटत होतं. तिने तिचा आवाज शेवटचा माझ्यासाठी वापरला, खोटं कळल्यावरही तो माझ्या नावाने जपून ठेवला, काकांनासुद्धा दिला नाही. आणि जर्मनीला कळवलंय मी, हवा तेव्हा, हवा तितक्या वेळा लावा.